दोष नेहमी शेवटच्या घासाचाच नसतो

प्रश्न : दुपारी बाहेर जेवलो आणि तासाभरात जुलाब सुरू झाले. रात्री १०२ ताप. त्या जेवणातच काहीतरी होतं ना?

तुमचा राग समजतो, पण आधी मागच्या चार-पाच दिवसांत काय काय खाल्लं ते आठवून लिहून काढा. पोट बिघडलं की आपण सगळेच शेवटच्या जेवणाला धरतो. तुमची लक्षणं मात्र वेगळं सांगतात. जुलाबाबरोबर ताप येतो तेव्हा बहुतेक वेळा जंतू आतड्यात जाऊन वाढलेले असतात, आणि वाढायला त्यांना वेळ लागतो. साल्मोनेला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. कॅम्पिलोबॅक्टर बहुधा २ ते ५ दिवस घेतो, नोरोव्हायरस १२ ते ४८ तास. अन्नपाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए काविळीला तर १५ ते ५० दिवस लागतात. तोवर काय खाल्लं होतं ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

तासा-दोन तासांत त्रास होतो तो जंतूंनी अन्नातच आधी तयार करून ठेवलेल्या विषाने. त्यात मळमळ आणि उलट्या जास्त असतात, ताप सहसा नसतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना ‘काय खाल्लं’ एवढ्यावर थांबू नका. कधी खाल्लं, तेच खाल्लेल्या बाकीच्यांना काय झालं, हेही सांगा. निदानाचा अर्धा रस्ता तिथेच सरतो.

प्रश्न : रात्री उरलेला भात ओट्यावरच राहिला. सकाळी वास पाहिला, चव पाहिली, चांगली वाफ येईपर्यंत गरम केला. तरी दोन तासांत तिघांनाही उलट्या. गरम केल्यावर जंतू मरत नाहीत का?

मरतात. विष शिल्लक राहतं. या एका गोष्टीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इतकी काळजी घेणारी माणसंही इथेच फसतात.

तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपलेला जंतू. भात शिजतो, पण ते तग धरतात. भात कोमट झाला की जागे होतात आणि वाढू लागतात. अनुकूल उबेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या वेगाने एका जंतूचे ७ तासांत २० लाखांवर जातात. वाढता वाढता बॅसिलस सिरियस जे उलटीचं विष सोडतो, ते उकळूनही नष्ट होत नाही. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचं विषही असंच चिवट. १९१४ साली एम. ए. बार्बर या संशोधकाने फिलिपिन्समध्ये या विषाचा परिणाम स्वतःवर अनुभवला. कासदाह झालेल्या गाईचं दूध ताजं असताना त्रास देत नव्हतं. तेच काही तास उबेत राहिल्यावर प्यायलं की आजारी पाडत होतं. दूध तेच, गाय तीच. फरक फक्त मधल्या तासांचा.

आणि वासावर विसंबू नका. अन्न आंबवणारे, नासवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. लाखोंनी वाढले तरी हे दुसरे वासाने कळतीलच असं नाही.

म्हणून नाकापेक्षा घड्याळ पाहा. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये’ हा समज मनातून काढा. पसरट, उथळ भांड्यांत काढा, वाफ ओसरली की आत ठेवा. मोठं पातेलं तसंच झाकून ठेवलं तर मधला भाग कितीतरी तास उबदार राहतो. एकाच वेळी अनेकांना पोटात मुरडा आणि जुलाब करणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स तिथेच वाढतो.

रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या. अन्न टाकताना जीव तुटतो, माझाही तुटतो, तरीही टाका.

प्रश्न : चिकन तीन पाण्यांनी धुतो. पुरेसं आहे का?

धुऊच नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये, ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. मारते ती आच; सर्वांत जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा.

प्रश्न : जुलाब थांबवायची गोळी आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक लगेच घेतलं तर चालेल?

नाही. शौचात रक्त किंवा जोराचा ताप असताना जुलाब थांबवणारी गोळी घातक ठरू शकते. ई. कोलाय या जंतूचा एक प्रकार रक्ती जुलाब करतो आणि पुढे मूत्रपिंडं निकामी करू शकतो. त्यात अशा गोळीने किंवा अँटिबायोटिकने धोका वाढू शकतो. लहान मुलांना तर ही गोळी स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका.

बहुतेकांचा आजार आपोआप बरा होतो. जीव जातो तो मुख्यतः अंगातलं पाणी आटल्याने. ओआरएस द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजमाप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमचा-चमचा पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका.

रक्त पडणं, ३९ अंश सेल्सियसच्या (१०२ फॅरनहाइटच्या) आसपास ताप, काहीच पोटात न ठरणं, लघवी फार कमी होणं, रडताना बाळाच्या डोळ्यांत पाणी नसणं, तीन दिवसांनंतरही जुलाब : यातलं एकही दिसलं तर दवाखाना गाठा. एकाची दोन दिसू लागली, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं, तर तासभरही थांबू नका. ते बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार, असू शकतं.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. सगळं फ्रिजमध्येच ठेवतो, मग चिंता नाही ना?

थोडी आहे. फ्रिज बहुतेक जंतूंची वाढ मंदावतो, पण लिस्टेरिया त्या थंडीतही वाढतो. गरोदर बाईला त्याने साधा ताप, अंगदुखी एवढंच होतं. पोटातलं बाळ मात्र दगावू शकतं. न तापवलेलं कच्चं दूध, त्याचं मऊ चीज, थंडच खायचे तयार मांसाचे काप आणि धुरावलेले मासे तिला देऊ नका. फ्रिजमधलं शिल्लक वाफ येईपर्यंत गरम करून द्या. लिस्टेरिया त्याने मरतो. आणि या महिन्यांत तिला ताप आला तर अंगावर काढू देऊ नका. लक्षणं दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून डॉक्टरांना गेल्या दोन महिन्यांतलं खाणं आठवून सांगा.