"आई, फ्लॅट माझ्या नावावर कर" असं मुलगा म्हणतोय, करू का?

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. फोनवर, आमच्या सल्ला केंद्रात, कधी लग्नात कोणी बाजूला घेऊन विचारतं. विचारणारी बहुतेक वेळा आईच असते, साठीच्या पुढची, नवरा गेलेला, आणि आवाज इतका हळू की जणू मुलाविषयी काहीतरी वाईट बोलतोय असं तिलाच वाटतंय. म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, पण कागद आणि कायदा जसाच्या तसा आहे.

काकू पहिल्यांदा आल्या त्या गुरुवारी, गुरुवारी आमच्याकडे वकीलताई बसतात. वय 68. हातात कापड दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी, त्यात फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि काकांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवलीच नाही, मांडीवर धरून बसल्या, चहा आला तरी एका हाताने कप आणि दुसरा हात पिशवीवर.

म्हणाल्या, "ताई, शनिवारी रजिस्ट्रेशनला जायचंय, मुलाने टोकन घेतलंय. दोनशे रुपयात होतं म्हणतो. मी येते म्हटलंय त्याला. फक्त मला रात्री झोप येत नाही, त्यावर काही गोळी असेल तर सांगा."

म्हणजे त्या घरासाठी आल्याच नव्हत्या, झोपेसाठी आल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतेय कारण असंच होतं, जीवाला जे टोचतंय ते वेगळंच असतं आणि माणूस डोकेदुखी, बीपी, झोप असलं काहीतरी घेऊन येतो.

मी विचारलं, दोनशे रुपयात काय होतं? त्यांना कागदाचं नाव सुद्धा नीट माहीत नव्हतं, "ते नावावर करायचं" एवढंच. तो कागद म्हणजे बक्षीसपत्र. दोनशे रुपयांची गोष्ट खरी आहे, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सून यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं. सोय चांगली आहे, पण स्वस्त आहे म्हणून माणसं तो कागद हलका समजतात, आणि तिथेच फसतात.

बक्षीसपत्र म्हणजे आज दिलं. मी गेल्यावर नाही, मी म्हातारी झाल्यावर नाही, आज, आत्ता. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे आणि त्यात हे अगदी स्पष्ट आहे की स्थावर मालमत्तेचं बक्षीस नोंदणी केलेल्या कागदानेच होतं, दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं. एकदा झालं की "माझं मन बदललं" म्हणून परत घेता येत नाही. कलम 126 मध्ये अपवाद आहेत, म्हणजे कागदातच दोघांनी ठरवलेली अट असेल आणि ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसेल तर, किंवा फसवून, धाकाने, दबाव टाकून सही घेतली असेल तर. पण ते सिद्ध करायला सत्तरीच्या बाईने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, स्वतःच्या मुलाविरुद्ध, हे बोलायला सोपं आहे.

मी हे सांगत होते तेवढ्यात वकीलताईंनी हात पुढे केला आणि पिशवी मागितली. काकूंनी दिली, पण एकेक कागद त्यांनी स्वतः काढून दिला. ताईंनी अ‍ॅग्रीमेंट उघडलं, वर एकच नाव, काकांचं. मग विचारलं, "मृत्युपत्र केलं होतं का त्यांनी?" नाही. "मुलं किती?" एक मुलगा, एक मुलगी, मुलगी नाशिकला दिलेली. "तुमच्या सासूबाई, काका गेले तेव्हा होत्या?" काकू जरा गोंधळल्या, मधेच सासूचं काय असं वाटलं असेल, मग म्हणाल्या नाही, त्या आधी चार वर्षं गेल्या.

सासूबाईंचा प्रश्न उगाच नव्हता बरं का. हिंदू वारसा कायद्यात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. आई हयात असती तर चार वाटे झाले असते. इथे तीन. म्हणजे हा फ्लॅट काकूंचा एक तृतीयांश, मुलाचा एक तृतीयांश आणि नाशिकच्या मुलीचा एक तृतीयांश.

काकू म्हणाल्या, "पण सोसायटीत माझं नाव लागलंय. हे बघा." आणि शेअर सर्टिफिकेट उलटं करून मागचा शिक्का दाखवला, त्या शिक्क्यावर बोट ठेवून बसल्या. काकांनी नॉमिनी म्हणून त्यांचं नाव दिलं होतं, 2017 साली काका गेल्यावर सोसायटीने नाव चढवलं, तेव्हापासून घर माझं असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांचं एकट्याचं नाही हे, अर्ध्याअधिक लोकांचं असंच असतं. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीला मेंटेनन्स कोणाकडे मागायचा, नोटीस कोणाला द्यायची यासाठी एक माणूस लागतो, तो नॉमिनी, घर तो वारसांच्या वतीने सांभाळतो. 2019 मध्ये आपल्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं त्यात तर नॉमिनीला तात्पुरता सभासद असंच म्हटलंय, वारस ठरेपर्यंतचा.

तर शनिवारी जे बक्षीसपत्र होणार होतं त्यात काकू पूर्ण फ्लॅट देणार होत्या, त्यातला दोन तृतीयांश त्यांचा नव्हताच. जे आपलं नाही ते देता येत नाही, इतकं साधं आहे. कागद झाला असता, दोनशे रुपये भरले असते, आणि पुढे कधीतरी मुलीने किंवा तिच्या मुलांनी विचारलं असतं तर सगळं लटकलं असतं.

हे ऐकून काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकून बसल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि म्हणाल्या, "म्हणजे शनिवारी जाता येणार नाही ना?"

त्या एका वाक्यावरून मला कळलं की झोप का येत नव्हती. त्यांना नाही म्हणायचं होतं, पण मुलाला नाही म्हणायची सवयच नव्हती आणि कायद्याने त्यांना एक कारण दिलं. पण मी त्यांना ते कारण घेऊन घरी जाऊ दिलं नाही. कारण ते कारण महिनाभर टिकलं असतं, मग मुलाने बहिणीकडून हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा कागद) आणलं असतं आणि परत तेच, शनिवार, टोकन, दोनशे रुपये. म्हणून विचारलं, कागद क्लिअर असते तर दिलं असतं का घर? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "द्यायचंच आहे हो त्याला. पण मला माझ्या घरातून जायचंय, वर. त्याच्या घरातून नाही."

मी गेली अनेक वर्षं हे काम करतेय आणि बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यातला फरक मला कोणी इतका नेमका सांगितला नव्हता. मृत्युपत्रात सुद्धा घर मुलालाच जातं, पण आपण गेल्यावर, तोपर्यंत मालक आपणच, मन बदललं तर कितीही वेळा नवीन करता येतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (करून घेतलेली बरी), दोन साक्षीदार लागतात, आणि आम्ही सांगतो की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही अशीच माणसं घ्या, वय जास्त असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा.

मग आम्ही एक वाक्य बसवलं. "घर द्यायचंच आहे बाळा, पण माझ्या नंतर." काकूंनी ते पहिल्यांदा पिशवीच्या बंदाकडे बघत म्हटलं, मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा "बाळा" वर आवाज गेला. पाच-सहा वेळा झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या. काहींना हे पोरखेळ वाटेल पण ज्या बाईने चाळीस वर्षांत घरात कोणाला नाही म्हटलेलं नाही तिच्या तोंडात ते वाक्य आधी बसावं लागतं, नाहीतर ऐन वेळी "बरं" हेच बाहेर पडतं.

आता मुलाबद्दल. वाचणाऱ्यांनी त्याला व्हिलन करू नये. मी त्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं, आला, चिडूनच आला, म्हणाला तुम्ही आईचे कान भरताय. दहा मिनिटं बोलू दिलं. मग कळलं की त्याच्या मित्राच्या घरी वडील गेल्यावर भाऊबहिणींची केस लागली होती आणि तो मित्र घर असून भाड्याने राहतोय. त्यात याला धंद्यासाठी लोन हवं होतं, बँक म्हणे टायटल क्लिअर करून आणा. "उद्या भावोजी उभे राहिले तर मी काय करू?" ही त्याची भीती. आईला बाहेर काढायचं त्याच्या डोक्यात पण नव्हतं, पण आईला ती भीती आहे हे त्याला माहीतच नव्हतं, कारण दोघं याविषयी एकदाही बोलले नव्हते, फक्त तारीख ठरली होती.

मी त्याला एका आजोबांचं सांगितलं. त्यांनी मुलाला बिनशर्त बक्षीसपत्र करून दिलं, मग भांडणं झाली, ते लेकीकडे राहायला गेले आणि मग आमच्याकडे आले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं, आपल्याकडे प्रांत ऑफिसात अर्ज करायचा. पण "अटीवर" हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. नंतर 2 जानेवारी 2025 च्या निकालात, मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये, कोर्टाने कायद्याकडे ज्येष्ठांच्या बाजूने बघा असं सांगून बक्षीसपत्र रद्द केलं, घराचा ताबा आईला परत दिला, पण तिथे मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. आजोबांच्या कागदात "प्रेमापोटी" एवढाच शब्द होता. त्यांची केस अजून चालू आहे. त्यामुळे ज्यांना बक्षीसपत्र करायचंच आहे त्यांना मी हात जोडून सांगते, सांभाळण्याची अट आणि हयातभर त्याच घरात राहायचा हक्क, दोन्ही कागदात स्पष्ट लिहून घ्या. राहायचा हक्क राखून दिलेलं बक्षीस सुद्धा वैध असतं, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच तसं म्हटलंय. जो मुलगा सांभाळणारच आहे त्याला ते लिहून द्यायला जड जायचं कारण नाही.

शेवटी तिघांना एकत्र बसवलं. मुलगी नाशिकहून सकाळच्या एसटीने आली. तिला हे सगळं तिथेच कळलं, की आपला पण वाटा आहे आणि आपल्याला न विचारता शनिवार ठरला होता. ती भावावर नाही, आईवर रडली, "मला एक फोन नाही केलास." तो अर्धा तास फार अवघड गेला, मी मधे पडले नाही. भाऊ म्हणाला हक्कसोडपत्र दे, मी आईला सांभाळतोच आहे. तेव्हा ती जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवलंय: "दादा, मला हिस्सा नकोय. पण आई आहे तोवर मी कुठेही सही करणार नाही."

हक्कसोडपत्राविषयी इथेच सांगून टाकते कारण बहिणींचे फोन पण खूप येतात. सही करायची सक्ती कोणी करू शकत नाही, माहेर तुटेल या धाकाने करू नका. आणि एकदा नोंदणी करून सोडलेला हक्क सहजासहजी परत येत नाही. द्यायचा असेल तर आनंदाने द्या, पण वाचून आणि कोणाच्या नावे सोडतोय ते बघून. कारण तो भावाच्याच नावे सोडायला हवा असं नाही, आईच्या नावे पण सोडता येतो. (हे सगळं हिंदू कुटुंबाचं सांगतेय. मुस्लिम कुटुंबात हिबा, म्हणजे त्यांच्याकडचं बक्षीस, असतो, त्याचे आणि वारशाचे नियम वेगळे. गोव्यात तर मुलं असतील तर निम्म्या मालमत्तेवर त्यांचा राखीव हक्क असतो, मृत्युपत्र फक्त उरलेल्या निम्म्याचं. त्यामुळे शेजारणीला चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही.)

काकूंनी काय केलं? आपल्या एक तृतीयांश वाट्याचं मृत्युपत्र केलं, नोंदवलं. त्यात कोणाचं नाव आहे मी विचारलं नाही आणि मुलांनी पण विचारलं नाही. सोसायटीत तिघांची नावं लावायचा अर्ज दिला. मुलाचं लोन या फ्लॅटवर झालं नाही, त्याने छोटं घेतलं, मशीनवर. दोन-तीन महिने तो आईशी कामापुरतंच बोलायचा, काकूंना ते फार लागलं, त्या काळात त्या दर गुरुवारी यायच्या, पिशवी न घेता. झोप मात्र येत होती.

तुम्ही अशाच अडचणीत असाल आणि वकिलाची फी परवडणार नाही म्हणून गप्प असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100. ज्येष्ठांसाठी 14567 आहे. शनिवारची तारीख ठरली असेल तर शुक्रवारपर्यंत करा.

मागच्या महिन्यात त्या मुलाचा फोन आला. मला वाटलं परत काहीतरी झालं. म्हणाला, "मॅडम, माझं वय 42 आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत. मृत्युपत्र एवढ्या लवकर करतात का?"

म्हटलं अठरा पूर्ण असली आणि डोकं ठिकाणावर असलं की करता येतं, गुरुवारी या, ताई असतात.