हौस म्हणून लेख लिहितो. वाचकांनी टीका केली तर काय उत्तर द्यावं?

आधी बघा, वाचकाने चूक दाखवलीये की स्वतःची आवड सांगितलीये. चूक असेल तर आभार मानायचे, दुरुस्त करायची, विषय संपला.

रविवारच्या भाजीखरेदीवर लिहिताना मी मंडईची दगडी इमारत पेशवाईतली ठरवून मोकळा झालो होतो. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी खरमरीत कळवलं: ती इंग्रजांच्या काळातली, १८८६ची, आणि तिचं पहिलं नाव रे मार्केट. वर ‘लिहिण्याआधी जरा मान वर करून बघत जा’ हा टोला. राग आलाच, पण आजोबा बरोबर होते. दुरुस्ती केली, त्यांना दोन ओळी लिहिल्या. पुढच्या लेखाला तुळशीबागेची माहिती त्यांनीच पुरवली!

‘मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइसच’ ही मात्र आवड. तिथे वाद घालू नका, पुण्यात तो संपत नाही.

उत्तर लगेच पाठवू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि ‘मला याचे पैसे मिळत नाहीत’ ही सबब अजिबात नको. वाचायला वाचकालाही कुठे मिळतात? लेख सोडून घरच्यांवर घसरणाऱ्याला उत्तरच देऊ नका.