स्पिरिट-पावडर आणि पुढची डिग्री

प्रश्न : नमस्कार ताई. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, बीएस्सी नर्सिंग होऊन दोन वर्षं एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. नाईट करून करून वैतागलेय. आई म्हणते एमएस्सी कर आणि कॉलेजात लाग, सुट्ट्या तरी मिळतील. पण पेशंट सुटतील याचं वाईट वाटतं. शिवाय प्रोफेसर व्हायचं तर रिसर्च लागतो म्हणे. नर्सने कसला रिसर्च करायचा, तो तर डॉक्टर करतात ना?

उत्तर : अगं, आईला आधी सांग की कॉलेजातसुद्धा रविवारी मुलींच्या जर्नल्सचा गठ्ठा घरी येतो, आणि पोस्टिंग असलं की सकाळी सातला, पोहे-जलेबी खाऊन का होईना, मुलींबरोबर वॉर्डात उभं राहावंच लागतं.

आता रिसर्चचं. तू आयसीयूत ब्रेडन स्केल भरत असशील, बेडसोअरचा, म्हणजे सतत पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेचा धोका बघायला सहा मुद्दे, 6 ते 23 मार्क, जितके कमी तितका धोका जास्त. तो बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघी नर्सनी केला, 1987 साली छापून आला. म्हणजे रोज हातात धरतेस तो कागद नर्सच्याच रिसर्चचा आहे, आणि मला विचारतेस नर्सने कसला रिसर्च करायचा!

माझी स्वतःची फजिती सांगते. आमच्या वेळी बॅक केअर म्हणजे पेशंटला कुशीवर करायचं, स्पिरिट लावून पाठ चोळायची, वर पावडर, आणि लालसर दिसेल तिथे जरा जास्तच जोरात चोळायचं, रक्त खेळतं म्हणून. खाली हवेची रबरी रिंग. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं, प्रॅक्टिकलला मार्कही दिले त्याचे. मग कळलं की हाडावरची लाल झालेली जागा चोळली तर आतलं आणखी बिघडतं, स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि रिंगने कडेकडेने दाब येतो तो वेगळाच. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही खरंच.

आणि पुस्तकात लिहिलेलं असतं, बोटाने दाबा, लाली पांढरी होऊन परत आली तर ठीक, पांढरी झालीच नाही तर बेडसोअरची पहिली स्टेज. आपल्या सावळ्या पेशंटला लाली दिसते कुठे? माझ्या एका स्टुडंटने भर वॉर्डात हेच विचारलं, एक म्हातारे काका होते, माकडहाडापाशी काहीच दिसत नव्हतं, तिने हाताची मागची बाजू लावली तर जागा शेजारच्यापेक्षा गरम आणि जराशी टणक, म्हणजे बेडसोअरची सुरुवात. मी तेव्हा दोन वर्षं पेशंटची कूस बदललेली नव्हती, नुसती फळ्यावर बदलत होते. त्या दिवसापासून आठवड्यातून दोन सकाळी मी वॉर्डाला दिल्या, आणि माझ्या पुढच्या कामाचा विषयही त्या काकांच्या बेडवरच मिळाला, लायब्ररीत नाही.

म्हणून पेशंट सुटतील की नाही ते तुझ्यावर आहे. सोडणारे पुष्कळ आहेत, पीपीटी वाचून दाखवतात आणि पगार घेतात (नावं घेत नाही). नाईटचा वैताग मात्र खरा आहे, त्याला वाईट वाटून घेऊ नकोस, पण नुसत्या वैतागाने एमएस्सीला जाऊ नकोस, थीसिसच्या वेळी रडशील. त्याआधी एक वही कर. ड्यूटीवर जे खटकतं ते लिही, पेशंटचं नाव न टाकता. ट्यूबवाल्या पेशंटचं तोंड कुणी किती वेळा साफ करतं, टाचेखाली उशी कुठे ठेवतात, असलं. सहा महिन्यांनी वही उघड, त्यात एकच गोष्ट दहादा आलेली दिसेल, तो तुझा विषय.

प्रश्न : माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, मला प्रोफेसर होता येईल का? – देवास

उत्तर : येईल, वेळ लागेल. दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग दोन वर्षं एमएस्सी. मधे नोकरीचा अनुभवही मागतात, तो तुझ्याकडे असेलच. पुढे ट्यूटर, असिस्टंट प्रोफेसर अशा पायऱ्या, पीएचडी केलीस तर उत्तम. फी भरायच्या आधी कॉलेजला नर्सिंग काउन्सिलची मान्यता या वर्षीची आहे ना ते बघ, गेल्या वर्षीचं पत्र काचेच्या फ्रेममध्ये लावून ठेवतात लोक.