गाडीचा सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) कधी लागतो कधी नाही? लगेच नवा घेऊ नकोस
अरे थांब, आधी बॅटरी बघ. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लाव, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे आणि सेल्फ मारताना १० च्या बऱ्याच खाली पडत असेल तर बहुतेक बॅटरीच गेलीय, सेल्फला कशाला दोष. बॅटरी ठणठणीत असेल तर टर्मिनल घासून घट्ट कर आणि इंजिनाची अर्थ वायर (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाला जाणारी) नक्की तपास, तिच्याकडे कोणी बघतच नाही आणि निम्म्या वेळा लोचा तिथेच असतो. सेल्फ मारताना बॅटरीचं मायनस टोक ते इंजिन ब्लॉक असं मोजायचं, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायर बदल.

आता एकच "टक" आवाज येऊन मोटर फिरत नसेल, आणि दुसऱ्याला चावी मारायला लावून तू पान्याच्या दांड्याने सेल्फच्या बॉडीवर हलकं ठोकलंस की लागत असेल, तर बहुतेक कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हे विसरू नकोस प्लीज. सेल्फ खोलताना आधी बॅटरीचं मायनस काढ. कार्बनसोबत बुशपण (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या रिंगा) बदलून घे, आणि सोलेनॉइडचे (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा स्विच) कॉन्टॅक्ट जळालेत का तेही बघ.