निळा की राखाडी

प्रश्न : ताई नमस्कार, वय ३४. मी एका पंथातच जन्मले, बाहेरचे लोक त्याला कल्ट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आईबाबा तरुणपणी त्यात आले, तिथेच त्यांचं लग्न लागलं. शाळा आतलीच, बाहेरच्यांशी बोलायचं नाही, आणि राग आला, थकवा आला किंवा काही प्रश्न पडला की म्हणायचे ‘मनाला गंज चढलाय’, मग सगळ्यांसमोर उभं राहून तो गंज बोलून दाखवायचा. २६व्या वर्षी बाहेर पडले. आता नोकरी आहे, नवरा समजूतदार आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. पण ती हट्टाने रडायला लागली की मी दगड होते, हात हलत नाहीत. परवा तर टॉवेल घ्यायला गेले, निळा की राखाडी ठरेना, अर्धा तास उभी आणि मग रडूच आलं. आई अजून आतच आहे, महिन्यातून एकदा फोन करते, ‘परत ये’ म्हणते. नवरा म्हणतो आठ वर्षं झाली, विसर आता. माझंच काहीतरी चुकतंय का?

उत्तर : अगं, सरळ ‘तू’च म्हणते, चालेल ना? टॉवेलचं तू उडत उडत लिहिलंयस पण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मोठेपणी अशा ग्रुपमध्ये गेलेला माणूस बाहेर पडला की त्याला निदान परत जायला एक जुना ‘मी’ असतो, जुने मित्र, जुन्या आवडी, अर्धवट सोडलेलं काहीतरी. तुला तो नाहीच. म्हणून ‘पूर्वीसारखी हो’ हा सल्ला तुझ्या काही कामाचा नाही. २६ वर्षं तुला कोणी विचारलंच नाही की तुला काय हवंय, तर उत्तर तोंडावर येणार कुठून! सराव नाहीये गं, बाकी काही नाही. तेव्हा जिथे चुकलं तरी बिघडत नाही असे निर्णय मुद्दाम रोज एखादा घे. निळा घेतला, नाही आवडला, कर पायपुसणं. आवड बदलली म्हणून कोणी तुला सगळ्यांसमोर उभं करणार नाहीये, आणि हे डोक्याला कळलं तरी अंगाला कळायला वेळ लागतो.

तू एकटी नाहीस हेही सांगते. मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात असे बाहेर पडलेल्यांचे गट घेतले होते, त्यांच्यातही साधेसाधे निर्णय न होणं आणि अध्येमध्ये जुन्याच मनःस्थितीत घसरणं हे पुन्हा पुन्हा दिसलं. एखाद्या गाण्याची चाल, एखादा वास, कुणाचा आवाज, की माणूस क्षणात परत तिथे. असं झालं की आजची तारीख मोठ्याने म्हण, समोरच्या चार वस्तूंची नावं घे, आणि नंतर कशामुळे झालं ते वहीत टाक.

त्याच वहीत ‘गंज’ पण लिही. रॉबर्ट लिफ्टन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीने सक्तीने मनं बदलायला चालवलेल्या मोहिमेतून, गेलेल्या लोकांशी बोलून १९६१ मध्ये अशा वातावरणाच्या आठ खुणा मांडल्या, त्यातल्या दोन तुझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळीतच आहेत : सक्तीची कबुली आणि ग्रुपची स्वतःची ठोकळेबाज भाषा. बघ ना, राग, थकवा आणि शंका, तीन वेगळ्या गोष्टी आणि शब्द एकच, तोही घाण! मग नेमकं काय होतंय हे तुला कळणार कसं? आता ‘गंज’ मनात आला की विचार, तिघांतलं कोणतं? बऱ्याचदा नुसती झोप झालेली नसते.

मुलीपाशी दगड होणं म्हणजे तू वाईट आई आहेस असं अजिबात नाही. रडणाऱ्या पोरांचं तिथे काय करायचे ते तू लिहिलं नाहीस, लिहायलाच हवं असंही नाही, पण तुझ्या अंगाला ते आठवतंय. तेव्हा हात हलले नाहीत तरी तोंडाने एवढंच म्हण, ‘आई रागावली नाहीये, आई इथेच आहे’. हात मागून हलतील.

आणि थेरपिस्ट गाठ, मानसिक आघातावर काम केलेला. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये दीर्घकाळ कुणाच्या ताब्यात राहिलेल्यांच्या त्रासाला वेगळं नाव सुचवलं, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे उरणारा मनाचा त्रास), आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ते निदान आहे. तुला तेच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही, ते तपासून बघू दे. एक धोका मात्र आधीच सांगते, तिथे बसून तुला परत कबुली दिल्यासारखं वाटेल आणि तू शहाण्या मुलीसारखी सगळं ओतायला लागशील. पहिल्याच दिवशी ‘आज हे नाही सांगायचं मला’ असं म्हणून बघ. समोरच्याला ते झेपलं नाही तर दुसरा शोध.

नवऱ्याला म्हणावं, आत २६ आणि बाहेर ८, हिशेब तूच कर.

राहिली आई. तोडायचं की ठेवायचं हे आजच ठरवायला हवं असं कोण म्हणालं? फोन किती वेळ ते तू ठरव, पंथावर वाद घालू नकोस, त्याची उत्तरं तिला पाठ आहेत. नातीला मात्र तिथे राहायला पाठवायचं नाही, यात मी काही मधलंबिधलं सांगणार नाही. आणि तुझ्याकडे जे नाही ते आईकडे आहे गं, ती तरुणपणी आत गेली, तिला आधीचा ‘मी’ आहे. पुढच्या फोनला ‘परत ये’ झालं की सहज विचार, आई, तिथे जायच्या आधी तुला कुठला रंग आवडायचा? ती गप्प बसली तर तूही थोडा वेळ गप्प बस, फोन लगेच ठेवू नकोस.