ख्रिस्ताचे उच्चपद आणि तारणाचे दान यांचा संबंध काय?

प्रश्न असा की, देवाने ख्रिस्ताला उंचावले यावर तारण (पापापासून सुटका) 'दान' असणे कसे अवलंबून आहे.

बायबलच्या नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात (वचने ६ ते ११) क्रम स्पष्ट आहे: जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरील मरणापर्यंत आज्ञापालन केले, आणि याच कारणास्तव देवाने त्याला अत्युच्च केले. हे उच्चपद केवळ गौरव नव्हे. नव्या करारातीलच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात (५:३१) पेत्र आणि इतर प्रेषित यहूदी न्यायसभेसमोर सांगतात की, देवाने येशूला अधिपती व तारणारा म्हणून आपल्या उजव्या हाताशी उंचावले ते इस्राएलाला पश्चात्ताप आणि पापांची क्षमा देण्यासाठी. म्हणजे क्षमाच नव्हे, तर पश्चात्तापही दिला जातो; माझ्या मते या वचनातील ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे.

बडोद्यातील आपल्या मराठी घरांत पुण्य गाठीशी बांधण्याची भाषा रोजची असल्यामुळे, हे ऐकताच 'मग सत्कर्मे कशाला?' अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) तिचे उत्तर आहे: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांचे फळ नाही, पण सत्कर्मे करण्यासाठीच माणूस ख्रिस्तामध्ये नव्याने निर्माण झालेला आहे. आठवे व नववे वचन उद्धृत करणारे लोक दहावे वचन बहुधा वगळतात, आणि गैरसमज तेथूनच सुरू होतो.