सांडस घडवताना वेळ खातात ते दांडे

प्रश्न : काका, घरामागे विटांची लहान भट्टी रचली आहे. विळे-खुरपी घडवायची तर हाताशी सांडस हवी, म्हणून आधी तीच करायला घेतली. २० मिलिमीटरची चौकोनी सळई वापरतो. पण एक सांडस व्हायला अख्खा दिवस जातो, मनगट भरून येतं, आणि एवढं करून सांडशीची दोन्ही पाती, म्हणजे दोन अर्धे भाग, एकमेकांवर नीट बसत नाहीत. वेल्डिंग न करता, हातानंच काम लवकर कसं उरकावं?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : तुमचा दिवस तोंडाला किंवा सांध्याला लागत नाही, दांड्यांना लागतो. हिशोब करून बघा. २० मिलिमीटर चौकोनी सळईचा छेद ४०० चौरस मिलिमीटर. हातात धरायचा दांडा १० मिलिमीटर गोल, त्याचा छेद साधारण ७८. म्हणजे सळई पाचपट लांबवायची, आणि तीही दोन पात्यांची! मनगट भरून येणारच. त्यापेक्षा पाच सुती, म्हणजे १६ मिलिमीटरची चौकोनी सळई आणा. छेद २५६, ओढायचं सव्वातीनपट. विळ्या-खुरप्याच्या पात्याला एवढी सांडस पुरून उरते. दांडेही फूटभर ठेवले तरी चालतात. दीड फुटी दांड्यांची हौस मोठ्या भट्टीवाल्यांना असू दे.

आता ओढायचं कुठे? ऐरणीच्या सपाट भागावर मारलेला घाव लोखंडाला भाकरीसारखा चहूकडे पसरवतो. मग पसरलेलं पुन्हा कडेनं ठोकून आत घ्या, म्हणजे एकाच कामाची दोनदा मजुरी. ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे निमुळत्या गोल टोकावर, किंवा किंचित गोल केलेल्या कडेवर मारा, लोखंड लांबीतच सरकतं. दर दोन-चार घावांनी सळई पाव फेरा फिरवायची. शेवटपर्यंत चौकोनीच ओढा, मग चार कोपरे मारून अष्टकोनी करा, गोल सगळ्यात शेवटी. आधीपासून गोल करत बसलं की सळई मधोमध फाटते. दांडा सगळीकडे सारखाही नको. सांध्यापाशी १२ मिलिमीटर, मुठीत येतो तिथे ८-९ असला की सांडस हलकी राहते आणि धरताना थोडी लवचीकही लागते.

आठवडे बाजारात घिसाड्यांचं पाल दिसलं तर पाच मिनिटं थांबून बघा. माणूस सांडशीत लोखंड धरून फिरवतो आणि समोर उभी बाई घण मारते. तिचा घाव पडायच्या आत लोखंड पुढच्या जागी सरकलेलं असतं. घरात कुणी घण मारायला तयार असेल तर दांडे ओढण्यापुरती त्यांची मदत घ्या. तोंड आणि सांधा मात्र एकट्यानंच करावा, तिथे घण उगाच नासाडी करतो.

ताव, म्हणजे भट्टीतून मिळालेली तापवण, वाया घालवू नका. पिवळसर नारिंगी रंगावर मारायला सुरुवात, लाल मावळू लागला की परत भट्टीत. काळपट लोखंडावरचे घाव फक्त हाताला लागतात. दीड-दोन फुटांच्या दोन सळया घ्या. एक ऐरणीवर, तेव्हा दुसरी निखाऱ्यात, आणि दोन्हींवर तीच पायरी लागोपाठ. दांडा ओढून होईपर्यंत मूळ सळई तोडायची नाही. थंड टोक हातात राहतं, पहिली सांडस करायला दुसरी सांडस उसनी आणावी लागत नाही.

पाती का जुळत नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे की तुम्ही एक डावं आणि एक उजवं पातं केलं असणार. सांडशीची दोन्ही पाती अगदी एकसारखी लागतात. एक उलटं करून दुसऱ्यावर ठेवलं की ती आपोआप एकमेकांना छेदतात. म्हणून क्रम ठरवून टाका. ऐरणीच्या जवळच्या कडेवर टोक चपटं करून तोंड. मग सळई डावीकडे पाव फेरा, तोंड पलीकडच्या कडेबाहेर तिरकं काढून सांध्याची जागा चपटी. पुन्हा डावीकडेच पाव फेरा, आणि सांधा कडेपलीकडे सरकवून दांड्याची सुरुवात. दोन्ही सळया डावीकडेच फिरल्या पाहिजेत. प्रत्येक पायरीला पहिलं पातं शेजारी ठेवून दुसरं करा.

भोक ड्रिलनं पाडलं तरी बिघडत नाही, पण मी सुंबाच, म्हणजे ठोकून भोक पाडायचं हत्यारच, वापरतो. लाल सांध्यावर सुंबा ठोकायचा, खाली कडक लागला की पातं उलटायचं. गार पडलेला काळा ठिपका दिसतो, त्यावर मारलं की चकती निघून जाते. लोखंड कापलं न जाता बाजूला सरकतं, म्हणून सांधा रुंद राहतो. रिबीट तीन सुती गजाची, दोन्ही बाजूंना गजाच्या जाडीच्या दीडपट बाहेर ठेवून गरम ठोका. ठोकल्यावर सांडस घट्ट बसेल. घाबरू नका, सांधा लाल करून काळा पडेपर्यंत उघडझाप करत राहा.

प्रश्न : भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची सांडस केली. मजबूत होईल वाटलं, तर पाण्यात बुडवल्यावर काही दिवसांनी तोंडाशी कट्कन मोडली.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त. लाल तोंड पाण्यात गेलं की त्याला पाणी बसतं, म्हणजे ते कडक होतं, आणि काचेसारखं ठिसूळ बनतं. सांडस तर दिवसातून पन्नासदा बुडते. तिला साधं नरम लोखंडच हवं, वाकलं तर सरळ करता येतं. उरलेला पाटा फेकू नका, त्याचा झकास विळा होईल.